शाळेत ऑनलाइन सुरक्षितता शिकवायची आहे, पण वर्षातून एका व्याख्यानाने नव्हे: मार्गदर्शन हवे

खडूफळा यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी शाळेत भाषा शिकवते. येत्या सत्रापासून दहा ते चौदा या वयोगटातील विद्यार्थ्यांना ऑनलाइन सुरक्षितता शिकवण्याची आखणी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवली आहे. दर पंधरवड्याला एक तासिका मिळणार असून ती वर्गशिक्षकांनीच घ्यावी, असे ठरले आहे. संगणक हा माझा विषय नाही; परंतु या कामासाठी यंत्रापेक्षा मुलांशी बोलण्याचा सराव असलेली व्यक्ती हवी, हे मुख्याध्यापकांचे म्हणणे मला पटले.

आजवर आमच्याकडे हा विषय वर्षातून एकदा उरकला जात असे. बाहेरून एक वक्ते येतात, सर्व इयत्ता सभागृहात एकत्र बसवल्या जातात, फसवणुकीच्या आणि छळाच्या अंगावर काटा आणणाऱ्या घटना पडद्यावर दाखवल्या जातात आणि शेवटी ‘अनोळखी व्यक्तीशी बोलणार नाही, वैयक्तिक माहिती कोणालाही देणार नाही’ अशी प्रतिज्ञा घेतली जाते. मुले मन लावून ऐकतात, यात शंका नाही. परंतु वर्षभरात ज्या घटना आमच्या कानावर येतात, त्या मुलांनी आम्हाला सांगितलेल्या नसतात. त्या कोणाच्या तरी पालकांकडून, फार उशिरा आणि तिखटमीठ लावून कळतात.

माझे प्रश्न दोन आहेत. मुलांच्या प्रत्यक्ष वापराशी जुळेल असे या तासिकांमध्ये नेमके काय घ्यावे? आणि जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा की, मूल अडचणीत सापडल्यावर त्याने स्वतःहून शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाकडे यावे, यासाठी शाळेने काय करायला हवे? विकत मिळणाऱ्या तयार अभ्यासक्रमांची नावे सुचवण्यापेक्षा त्यामागचा विचार कोणी समजावून दिला, तर अधिक उपयोग होईल.

पायवाट यांचे उत्तर

आपण वर्णन केलेल्या सभागृहातील कार्यक्रमाबद्दल आधी बोलतो, कारण तो बहुतेक ठिकाणी असाच होतो आणि तो उपयोगी नाही हे मानण्यास सबळ आधार आहे. 1983 मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘डेअर’ नावाचा अमली पदार्थविरोधी कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातील पोलीस वर्गात येऊन धोके समजावून सांगत आणि मुले नकार देण्याची शपथ घेत. तो अमेरिकेतील असंख्य शाळांत पोहोचला, पालकांनाही आवडला. मात्र पुढे त्याचे मूल्यमापन झाले तेव्हा अमली पदार्थांच्या प्रत्यक्ष वापरावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील डेव्हिड फिंकेलहोर आणि त्यांचे सहकारी ऑनलाइन सुरक्षिततेच्या बाबतीत हाच इशारा देत आले आहेत. निव्वळ इंटरनेटसाठी वेगळे, भीतीवर आधारलेले पाठ देण्यापेक्षा छळ, नातेसंबंध आणि भावनांवरील ताबा यांविषयीचे जे शिक्षण परिणामकारक ठरलेले आहे, त्यातच ऑनलाइन प्रसंग मिसळावेत, असा त्यांचा आग्रह आहे.

दुसरी अडचण प्रतिज्ञेच्या मजकुरात आहे. ‘अनोळखी व्यक्तीशी बोलू नका’ हा नियम मुले रोज मोडतात, कारण ऑनलाइन खेळात समोरचा खेळाडू बहुधा अनोळखीच असतो आणि त्यातून दरवेळी काही वाईट घडत नाही. नियम आणि अनुभव यांचा मेळ बसला नाही की मुले नियम बाजूला ठेवतात आणि तो सांगणाऱ्याचा शब्दही. शिवाय आठवडाभर रोज सोबत खेळलेली व्यक्ती मुलाच्या लेखी अनोळखी राहतच नाही. याउलट टोमणे मारणारे, गटातून काढून टाकणारे, एखाद्याचे छायाचित्र विद्रूप करून फिरवणारे हे पुष्कळदा त्याच वर्गातले असतात. त्यांच्याबद्दल ती प्रतिज्ञा एक शब्दही बोलत नाही.

म्हणून व्यक्ती ओळखीची की अनोळखी याऐवजी तिची मागणी काय आहे, हे पारखायला शिकवावे. ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असा आग्रह, एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अधिक खासगी अ‍ॅपवर येण्याची घाई, न मागता दिलेली भेट, घरच्यांबद्दल मनात अढी निर्माण करणारे बोलणे, छायाचित्राची मागणी आणि नकार दिल्यावर रुसवा किंवा धमकी ही लक्षणे दिसली, तर समोरची व्यक्ती वर्गमित्र असो, नातेवाईक असो वा खेळातील जोडीदार, तिथेच थांबायचे.

आखणीसाठी एक चौकट सुचवतो. सोनिया लिव्हिंगस्टोन आणि मारिया स्टोइलोव्हा या संशोधकांनी 2021 मध्ये मुलांच्या ऑनलाइन जोखमींची चार गटांत विभागणी मांडली. मुलाला काय दिसते, मुलाशी कोण संपर्क साधते, मूल स्वतः कसे वागते आणि कंपन्या मुलाकडून व्यवहारात काय घेतात, असे ते चार गट आहेत. बहुतेक शाळा दुसऱ्या गटावरच सगळा वेळ घालवतात. चौथ्या गटाला तर कोणी हातच लावत नाही. आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ किंवा खेळातील आत काय आहे हे न कळता विकत घ्यावी लागणारी पेटी कोणाच्या फायद्यासाठी असते, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलांना विचारून पाहावा. ती फार चिकित्सकपणे बोलतात.

वर्गातील छळाबाबत फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेला आणि 2009 पासून तिथल्या शाळांमध्ये देशभर नेण्यात आलेला ‘किवा’ हा कार्यक्रम अभ्यासण्यासारखा आहे. त्याचा रोख छळणारा आणि छळ सोसणारा यांच्यापेक्षा बघ्यांवर अधिक आहे. वर्गाच्या समूहसंवादात एखाद्याची टिंगल सुरू असताना उरलेली मुले हसरे चेहरे टाकत राहतात, आणि त्यांना आपण काही केले असे वाटतही नाही. त्या वेळी काय करता येते, हे संवाद रचून, भूमिका घेऊन करून पाहण्याजोगे आहे. आपण भाषेच्या शिक्षिका आहात, तेव्हा हे काम आपल्याला संगणक शिक्षकांपेक्षा चांगले जमेल.

कुलूपकिल्ली यांचे उत्तर

मी शाळांच्या संगणक व्यवस्थेचे काम पाहतो, म्हणून तांत्रिक बाजूपुरतेच लिहितो. पाठ्यपुस्तकांत आणि भिंतींवरच्या तक्त्यांवर अजूनही जी माहिती दिली जाते, तिचा बराचसा भाग कालबाह्य झालेला आहे.

पासवर्ड ठरावीक काळाने बदला आणि त्यात चिन्हे, अंक, मोठी अक्षरे कोंबा, हा सल्ला अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने 2017 मध्येच मागे घेतला. सक्तीने बदलायला लावले की माणसे शेवटचा अंक एकाने वाढवतात, एवढेच होते. लांबी अधिक महत्त्वाची आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड लक्षातही राहतो आणि सहजासहजी फुटतही नाही. त्याला दुसऱ्या टप्प्यातील पडताळणीची, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा अंक विचारण्याच्या सोयीची, जोड द्यावी आणि त्या पडताळणीचा अंक जिवलग मित्रालाही सांगायचा नाही, हे उदाहरणांसह समजवावे. खेळातील खाती हातची जाण्याची सुरुवात अनेकदा ‘माझ्याकडून चुकून तुझ्या क्रमांकावर अंक आला आहे, जरा सांग’ अशा साध्या विनंतीने होते.

पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ विश्वासार्ह, हेही आता सांगू नये. त्या चिन्हाचा अर्थ मधल्या वाटेवर कोणी मजकूर वाचू शकत नाही इतकाच होता, आणि भामट्यांच्या संकेतस्थळांनाही ते मिळते. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून टाकले. तसेच शुद्धलेखनाच्या चुकांवरून खोटा संदेश ओळखा, हा सल्लाही निकामी झाला आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने आता कोणालाही निर्दोष मजकूर लिहून मिळतो. त्याऐवजी संदेशातील दुव्याने कुठेच जायचे नाही, ज्या सेवेचे नाव घेतले आहे तिचे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ स्वतः उघडून पाहायचे, ही एकच सवय लावली तरी पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट थोडी स्पष्टपणे सांगतो. मुलांनी गोपनीयता पाळावी असे वाटत असेल, तर शाळेने आधी आपले घर तपासावे. सर्व विद्यार्थ्यांचा पासवर्ड म्हणजे हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख, स्पर्धेत जिंकलेल्या मुलांची पूर्ण नाव, इयत्ता आणि छायाचित्र असलेली सार्वजनिक पोस्ट, गुणांची यादी शेकडो पालकांच्या समूहावर, हे सारे सुरू असताना वर्गात वैयक्तिक माहितीचे महत्त्व सांगितले, तर मुलांना त्यातील विसंगती लगेच दिसते. छायाचित्रात नोंदलेले स्थान समाजमाध्यमांवर टाकताना बहुधा काढले जाते, पण तेच छायाचित्र फाइल म्हणून पाठवले तर स्थान तसेच पुढे जाऊ शकते. गणवेश, बसचा क्रमांक आणि मागचा फलक तर कोणत्याही सेटिंगने पुसला जात नाही.

समईची वात यांचे उत्तर

मी शालेय समुपदेशक आहे आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच लिहिते, कारण माझ्या मते सगळे तिथे अडते. मुलांना धोके माहीत नसतात असे नाही. सांगितल्यावर काय होईल, याची त्यांना धोक्याहून अधिक भीती वाटते, आणि त्या भीतीत पहिला क्रमांक फोन काढून घेतला जाण्याचा असतो. ज्या मुलाला धमकी आली आहे त्याचाच फोन जप्त झाला, असे एकदा जरी वर्गाने पाहिले, तरी पुढची कितीतरी वर्षे त्या वर्गातून कोणी तोंड उघडत नाही. म्हणून तासिका सुरू होण्याआधी शिक्षकांनी आणि पालकांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवावी आणि ती मुलांना लेखी कळवावी: मदत मागायला आलेल्या मुलाला, त्याने आधी नियम मोडला असला तरी, मदत मागितल्याबद्दल शिक्षा होणार नाही आणि त्याचा फोन काढून घेणे हे आपले पहिले पाऊल असणार नाही. पालकांना हे पटवणे हेच सर्वांत कठीण काम आहे. त्याला एक पालकसभा पुरत नाही.

याची गरज कुठे पडते, ते एका प्रकारावरून दिसेल. मुलीच्या नावाने खाते उघडून मुलाशी ओळख वाढवायची, त्याच्याकडून विवस्त्र छायाचित्र मिळवायचे आणि काही मिनिटांतच ते त्याच्या संपर्कातील सर्वांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागायचे, अशा टोळ्या अनेक देशांत सक्रिय आहेत. एफबीआयने 2022 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात पीडितांमध्ये चौदा ते सतरा वर्षांच्या मुलग्यांचे प्रमाण मोठे असल्याचे म्हटले होते आणि काही मुलांनी जीव दिल्याचाही उल्लेख होता. अलीकडे तर मुलाने छायाचित्र पाठवलेलेच नसते; साध्या चेहऱ्यावरून बनावट विवस्त्र चित्र तयार करून धमकी दिली जाते. अशा वेळी मुलाच्या हाती विचार करायला फार थोडा वेळ असतो. ‘आधी सांगायला हवे होतेस’ हे वाक्य त्या वेळी ऐकवणारा मोठा माणूस नसलेलाच बरा.

काय करायचे याचा क्रम मुलांना आधीच पाठ असावा. पैसे द्यायचे नाहीत, कारण पैसे दिल्याने मागणी थांबत नाही, उलट वाढते. उत्तर देणे बंद करायचे, पण संवाद पुसून टाकायचा नाही. खात्याचे नाव, धमकीचा मजकूर आणि पैसे मागितल्याचा तपशील जपून ठेवायचा. त्यानंतर त्या खात्याची तक्रार करून ते ब्लॉक करायचे आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाकडे जायचे. अल्पवयीन व्यक्तीचे छायाचित्र असेल, तर अमेरिकेतील ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ या संस्थेची 2023 मध्ये सुरू झालेली ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा मुलांना सांगून ठेवावी. तिच्यात छायाचित्र कोणालाही पाठवावे लागत नाही. ते मुलाच्या उपकरणावरच राहते आणि त्यावरून तयार झालेला सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, त्याच्याशी जुळणारे चित्र त्यांच्या व्यासपीठांवर आढळले तर त्या ते हटवू शकतात. सहभागी नसलेल्या किंवा मजकूर वाचू न शकणाऱ्या सेवांवर मात्र तिचा उपयोग होत नाही, हेही सांगावे.

शिक्षकांसाठी वेगळी सूचना. असे छायाचित्र पाहायला मागू नये, स्वतःच्या फोनवर घेऊ नये, ‘पुरावा’ म्हणून मुख्याध्यापकांना पाठवू नये. अनेक देशांच्या कायद्यांत अल्पवयीनाचे असे चित्र जवळ बाळगणे किंवा पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे, हेतू काहीही असो. मुलाला ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही आणि मोडल्यावर विश्वास जातो. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, आता हे एकट्याने निस्तरायचे नाही, मी आणखी एका व्यक्तीला सांगणार आहे आणि ती कोण हे आधी तुला सांगेन’, एवढे म्हणावे. ती दुसरी व्यक्ती कोण, हे शाळेत आधीच ठरलेले असावे. एक शिक्षक आणि एक शिक्षिका, असे दोघे नेमले तर उत्तम.

तिसरी घंटा यांचे उत्तर

पालक म्हणून माझे मत वेगळे आहे. इतके सगळे शिकवण्यापेक्षा या वयात समाजमाध्यमे नकोतच, असे शाळेने ठामपणे का सांगू नये? ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांची खाती बंद करणारा कायदा 2024 मध्ये केला आणि तो 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. कंपन्यांच्या स्वतःच्या नियमांतही तेरा वर्षांची अट असतेच. ज्या वयात खातेच असायला नको, त्या वयातील मुलांना खाते सुरक्षित कसे ठेवावे हे शिकवणे म्हणजे त्याला मूक संमती देणे नव्हे काय?

पायवाट यांचे उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे आणि वयाची मर्यादा असावी की नसावी, यावर सुजाण लोकांमध्येही मतभेद आहेत. तथापि त्या ऑस्ट्रेलियन कायद्याने जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. मुलांना किंवा पालकांना त्यात दंड नाही. तेरा वर्षांची अटही मुलांच्या मानसिक वाढीचा विचार करून ठरलेली नाही. अमेरिकेच्या 1998 च्या ‘कोपा’ कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यास पालकांची संमती आवश्यक केली, आणि त्या खटाटोपापेक्षा खातेच न देणे कंपन्यांना सोपे वाटले, म्हणून ती रुळली.

शाळेच्या दृष्टीने मुद्दा असा की, बंदी असली तरी काही मुले खोटे वय घालून खाते उघडणारच, आणि त्या मुलांकडे गप्प राहण्याचे आणखी एक कारण तयार होते. समुपदेशक ताईंनी जे लिहिले आहे ते अशा मुलांना सर्वांत जास्त लागू आहे. घरी आपण खाते देऊ नका. शाळेने मात्र ते आहे असे धरूनच बोलावे. शिवाय खेळ, व्हिडिओ आणि संदेश यांतले धोके समाजमाध्यमांच्या खात्याची वाट पाहत नाहीत.

पानखूण यांचे उत्तर

ग्रंथपाल या नात्याने थोडेच. खोटी माहिती ओळखणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे आणि त्यासाठी लांबलचक तपासणी-यादी देऊ नये. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी यांना तीच संकेतस्थळे पारखायला दिली. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारही त्याच पानावर खाली-वर वाचत बसले आणि देखण्या बोधचिन्हांना फसले. तथ्य-तपासनीस मात्र ते पान लगेच सोडून नवीन खिडक्यांत त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधू लागले. पाच मिनिटांचा हा सराव कोणत्याही विषयाच्या तासाला घेता येतो. बनावट चित्रात बोटे मोजा, असे मात्र शिकवू नये. ती खूण आता भरवशाची राहिलेली नाही.

खडूफळा यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आखणीचा क्रमच बदलावा लागेल, असे दिसते. तासिकांच्या आधी शिक्षकांची बैठक, मग पालकांची, आणि दोन्हींत फोन जप्त न करण्याच्या ठरावावर चर्चा. पालकांकडून विरोध होईल याची मला जवळजवळ खात्री आहे, तरीही त्याशिवाय तासिका सुरू करण्यात अर्थ नाही. सभागृहातील व्याख्यान रद्द करण्याची शिफारस करणार आहे आणि सार्वजनिक पोस्टमधून मुलांची पूर्ण नावे काढण्याचा विषय त्याच पत्रात घालणार आहे. पहिल्या काही तासिका वर्गाच्या समूहसंवादातील टिंगलीवर आणि ‘मागणी ओळखा’ या सरावावर घेईन, कारण तिथे मुलांचा अनुभव आमच्यापेक्षा अधिक आहे.

एक शंका उरली. काही मुलांकडे स्वतःचा फोन नाही. घरातील एकच फोन सगळे वापरतात. त्यांना काय सांगावे?

कुलूपकिल्ली यांचे उत्तर

त्यांच्यासाठी ‘स्वतःच्या फोनची सेटिंग बदला’ हा गृहपाठ देऊ नये, नाहीतर वर्गात कोणाकडे फोन नाही हे उघडे पडते. सराव शाळेच्या संगणकावर किंवा कागदावर छापलेल्या नमुन्यावर घ्यावा. घरच्या सामाईक फोनवर शक्य असल्यास वेगळे प्रोफाइल करावे. नसल्यास काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडणे, ब्राउझरने पासवर्ड साठवण्याची विचारणा केल्यास नकार देणे आणि आपण कुठे-कुठे लॉगिन आहोत याची यादी खात्याच्या सेटिंगमध्ये पाहून नको तिथून बाहेर पडणे, एवढे शिकवावे. आणि अशा मुलाला घरच्या फोनवरून मदत मागता येईलच असे नाही. धमकी देणाऱ्याचा संदेश ज्या फोनवर येतो, तो दिवसभर दुसऱ्या कोणाच्या खिशात असू शकतो. तेव्हा नेमलेल्या त्या दोन व्यक्ती शाळेत कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत भेटतील, हे फळ्यावर कायम लिहिलेले असावे.